उत्तर बाजू

घर विकताना उपासनीबाईंनी गीझर ठेवला,
पंखे ठेवले, माळ्यावरचा पितळी बंबसुद्धा ठेवला.
"कुंती तेवढी माझी," म्हणाल्या,
"पण ती लगेच निघायची नाही. तिला वेळ द्यावा लागेल."
खरेदीखतात कुंतीचा उल्लेख नव्हता.
आम्ही मान डोलावली.
कर्वेनगरात एवढ्या पैशात अंगण मिळत होतं,
त्यात एक झुडूप कमी.

झुडूप कसलं,
बावीस वर्षांची, भिंतीहून दोन हात उंच,
बुंधा माझ्या मनगटाच्या तिप्पट.

दिवाळी झाल्यावर सोपान झगडे आले, सासवडकडचे,
कमरेला कात्री, कानाला मफलर.
बुंध्यापासून दोरी धरून गोल आखला
आणि अर्धाच खणला.
"अर्धाच?"
"एकदम तोडलं की झाड हबकतंय, ताई.
अर्ध्या मुळ्या आज, अर्ध्या महिन्यानं.
मधल्या वक्ताला तिला कळू द्यायचं."
काय कळू द्यायचं, ते सांगितलं नाही.
जाड मुळी करवतीनं कापली, तिथं हळद दाबली,
चरात शेणखत आणि वाळू लोटली,
मग चहा मागितला, बिनसाखरेचा.

पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं.
गुरुवारी नळ कोरडे,
म्हणून बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवायच्या,
दुसऱ्याच्या झाडासाठी.
"मेलं तर आपल्यावर येईल का?" नवऱ्यानं विचारलं.
मला तोवर हे सुचलंच नव्हतं.
त्या दिवसापासून मी पानं मोजल्यासारखी बघू लागले.

मार्गशीर्षात एका रात्री, काही कारण नसताना,
एका फांदीला फुलं आली.
वास थेट स्वयंपाकघरात.
मी उठून खिडकी लावून घेतली.
सवय नको.

माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी
चार माणसं, दोन बांबू, एक छोटा हत्ती.
फांद्या एक तृतीयांश छाटल्या, उरलेल्या सुतळीनं आवळल्या.
मातीचा गड्डा गोणपाटात घालून
झगड्यांनी दाभणानं शिवला,
गादी शिवतात तसा, दोरा दातानं तोडून.
आणि एका बाजूला चुन्याचं बोट ओढलं.
"ही उत्तर. होती तशीच उभी करायची.
उन्हाची सवय असलेली बाजू उन्हालाच."
बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या,
सबंध वेळ मान मागे वळवून,
पण आमच्याकडे नाही.

संध्याकाळी धायरीहून फोन.
"चुना पुसला गेलाय हो. गोणपाट ओलं होतं,
सिंहगड रोडला तासभर अडकलो, घासलं कुठंतरी.
झगडे म्हणतात ही बाजू, जावई म्हणतो ती.
खड्डा तयार आहे, अंधार पडायला आलाय."

उत्तर मला ठाऊक आहे,
हे फोन उचलेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.
"खालून दुसऱ्या फांदीवर वळ असेल बघा, दोरीचा."
"आहे की. माझीच कपड्यांची दोरी ती, बावीस वर्षं."
"तो वळ मोरीकडे होता, म्हणजे पश्चिमेला.
वळ तोंडासमोर घेऊन उभ्या राहा.
तुमच्या डाव्या हाताला उत्तर."

पलीकडे कुणीतरी "उचला, उचला" म्हणालं.
बाई काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "मी रोज दोरी बांधायचे.
दिशा कधी बघितलीच नाही."
आणि फोन चालूच राहिला,
मातीवर पाणी पडल्याचा आवाज येत राहिला
बराच वेळ.

चैत्रात कळलं, सगळी पानं गळाली,
पण नखानं साल खरवडली तर आत हिरवं आहे.
"बरं," म्हटलं मी. आणखी काय म्हणणार?

आमच्याकडे खड्डा आहे, साडेतीन फुटी.
बुजवायचाय. नवरा म्हणतो फरशी घालू.
बुधवारी रात्री हात आपोआप दोन बादल्या भरतात.
शुक्रवारी सकाळी त्या तशाच, काठोकाठ.
मग चादरी भिजवते त्यात.